अंगठा आणि होकार

माझं अक्षर चांगलं आहे. बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे घडलं त्याचं मूळ या अक्षरात आहे म्हणून सांगतो. शहापूर तालुक्यात, आसनगाव स्टेशनला उतरून एसटी, मग जीप आणि मग पाऊण तास पायी, अशा एका गावात मी १९९३ साली प्राथमिक शिक्षक म्हणून रुजू झालो. खेड्यात चांगल्या अक्षराच्या मास्तरला शाळेबाहेरचीच कामं फार. लग्नाच्या पत्रिकेवर नावं घाला, बँकेचा अर्ज भरा, मनिऑर्डरचा फॉर्म लिहा, रेशनकार्डात नाव चढवायचा तक्ता भरा. आणि ग्रामसभा असली की हजेरीची वही गुरुजींकडे.

गाव म्हणजे खरं तर एक गावठाण आणि भोवती विखुरलेले पाडे. गावठाणात कुळवाडी शेतकऱ्यांची, दुकानदारांची घरं. ओढ्यापलीकडे ठाकरांचा पाडा आणि त्याहून लांब, टेकडीच्या पोटाशी, कातकऱ्यांची वाडी. शाळा गावठाणात, रेशनचं दुकान गावठाणात, पंचायतीची कचेरी गावठाणात. पाड्यावरचा माणूस कशासाठीही निघाला तरी त्याला ओढा ओलांडावा लागे.

२६ जानेवारी १९९९. झेंडावंदन झालं, मुलांची गाणी झाली, आणि शाळेच्याच व्हरांड्यात ग्रामसभा भरली. पाड्यावरच्या पंधरावीस बाया मुलांची गाणी ऐकायला आल्या होत्या. कातकरी वाडीतले बहुतेक तरणे लोक दिवाळीनंतरच उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेले. मागे उरलेल्या म्हाताऱ्या आणि दोनचार गडी, एवढेच आले होते. मला कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, हजेरी घ्या." मी एकेकीचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं, समोर शाईच्या डबीतला अंगठा घेतला. सभा दहा मिनिटांत संपली. चहा झाला. बाया घरी गेल्या.

पावसाळ्याच्या तोंडावर टेकडीला सुरुंग लागला. दगडाची खदान सुरू झाली होती. कातकरी वाडीच्या झऱ्याचं पाणी आधी गढूळ झालं, मग आटलं. चौकशीला गेलो तेव्हा वही उघडून मला दाखवली गेली. माझ्याच अक्षरातली ती नावं, ते अंगठे. आणि वर कोऱ्या ठेवलेल्या जागेत दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात लिहिलेलं, की सदर जागेवर खदान सुरू करण्यास ग्रामसभेची सर्वानुमते हरकत नाही.

वाडीतली एक म्हातारी दुसऱ्या दिवशी शाळेत आली. चिडली नव्हती. नुसती दारात उभी राहून म्हणाली, "गुरुजी, आमी आंगठा दिला. होकार नाय दिला."

मी तिला काय सांगितलं असेल? "आजी, आता काय करणार?" एवढंच. नोकरीत सहा वर्षं झालेल्या, बदलीला भिणाऱ्या माणसाचं उत्तर. ते मला आजही आठवतं.

त्या दिवशी जे मला ठाऊक नव्हतं ते नंतर कळलं, तेही तुकड्यातुकड्याने. मी हजेरी घेतली तो व्हरांडा त्याच्या दोन वर्षं आधीच एका छोट्या विधिमंडळाचं सभागृह झाला होता. संसदेनेच तसं ठरवलं होतं. २४ डिसेंबर १९९६ पासून. आणि त्या सभागृहाचे सभासद कोण, तर टेकडीखालच्या त्या बाया.

हे सारं कसं घडलं ते थोडं मागे जाऊन सांगायला हवं. घटना समितीत छोटा नागपूरचे जयपालसिंग मुंडा होते. १९२८ साली ॲमस्टरडॅम ऑलिंपिकला भारताने हॉकीचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं, त्या संघाचे हे कर्णधार. डिसेंबर १९४६ मध्ये त्यांनी समितीला ऐकवलं, की आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडूनच शिका. त्यांच्या म्हणण्यात आवेश होता, पण अतिशयोक्ती नव्हती. आमच्याकडच्या ठाकरांचे पंच, महादेव कोळ्यांची जातपंचायत, कातकऱ्यांचा नाईक ही मंडळी भांडणतंटे, काडीमोड, देवाची जत्रा, शिकारीची वाटणी हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या मिटवत आली होती. बाईमाणसाला तिथे फारसा आवाज नसे, हेही सांगायला हवं. जुन्याचं सगळंच सोनं नसतं. आणि आपल्या बाजूलाच जव्हारला महादेव कोळ्यांच्या मुकणे घराण्याचं राज्य सहाशे वर्षं होतं, ते १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. राज्य करायची सवय या डोंगरात नव्हती असं कुणी म्हणू नये.

घटनेने मग दोन वाटा काढल्या. ईशान्येकडच्या डोंगरी जिल्ह्यांना सहावी अनुसूची लागली. तिथे स्वायत्त जिल्हा परिषदा आल्या, आणि नावात साम्य असलं तरी त्या आपल्या जिल्हा परिषदेसारख्या नव्हेत. जमीन, राखीव नसलेलं जंगल, फिरती शेती, वारसा, लग्न, सावकारी यांवर त्या कायदे करतात. गावपातळीवर न्यायालयं नेमू शकतात. मेघालयात खासी, गारो आणि जैंतिया टेकड्यांच्या तीन परिषदा आहेत, आसामात कार्बी आंगलाँगची आहे, २००३ पासून बोडोलँडची आहे. बाकीच्या देशातल्या आदिवासी मुलुखाला मिळाली पाचवी अनुसूची. तिच्यात परिषद नाही. तिच्यात राज्यपाल आहेत. एखादा कायदा त्या मुलुखाला लागू करायचा नाही, किंवा बदलून लागू करायचा, हा अधिकार त्यांचा. आणि सल्ल्याला जास्तीत जास्त वीस जणांची आदिवासी सल्लागार परिषद. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश आदिवासी आमदार. सल्लागार, म्हणजे विचारलं तर सांगायचं.

आपला शहापूर तालुका पाचव्या अनुसूचीत पुरता येतो. मुरबाडचं तसं नाही. २ डिसेंबर १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात मुरबाड तालुक्याची ७७ गावं आहेत आणि बाकीची नाहीत. यादी ती यादी. पण माणसांच्या सोयरिकी यादी बघून होत नाहीत. माझ्या शाळेतल्या एका ठाकर मुलीला मुरबाडात दिलं ते यादीबाहेरच्या गावात. माहेरी तिच्या आईच्या ग्रामसभेला जे अधिकार आहेत ते तिच्या सासरच्या ग्रामसभेला नाहीत. देव तोच, बोली तीच, नागलीची भाकरी तीच.

१९९२ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती झाली आणि पंचायतराज देशभर आलं, तेव्हा अनुसूचित क्षेत्र मुद्दाम वगळलं होतं. तिथे काय करायचं हे ठरवायला खासदार दिलीपसिंह भुरिया यांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९९५ मध्ये आला, आणि त्यातून १९९६ चा कायदा निघाला. पंचायतींचा अनुसूचित क्षेत्रावर विस्तार करणारा कायदा. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'पेसा' म्हणतात. कायदा अवघ्या पाच कलमांचा. शाळेच्या वहीच्या चार पानांत मावेल. पण त्याचं चौथं कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वाचलं. त्यात गावाची व्याख्या आहे. गाव म्हणजे महसुलाच्या दप्तरातलं गाव नव्हे. एक वस्ती किंवा काही वस्त्या, एक पाडा किंवा काही पाडे, जिथे एक समाज आपल्या रूढीपरंपरेप्रमाणे आपला कारभार करतो, ते गाव. म्हणजे ओढ्यापलीकडची वाडी हेच गाव! आणि त्या गावाच्या ग्रामसभेत कुणी निवडून जायचं नसतं. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येकजण आमदारच.

अधिकारही बारीकसारीक नाहीत. जमीन संपादन करण्याआधी सल्लामसलत, गौण खनिजाच्या परवान्याआधी शिफारस, गौण वनोपजाची मालकी, बेकायदा गेलेली आदिवासीची जमीन परत मिळवून देणं, सावकारीवर आणि दारूवर ताबा, गावचा बाजार. दगडाची खदान म्हणजे गौण खनिज. शिफारशीविना परवाना नाही, हे १९९६ पासून कायद्यात होतं. महाराष्ट्राने १९९७ मध्ये आपल्या ग्रामपंचायत अधिनियमात त्यासाठी वेगळं प्रकरणही घातलं. मी ज्या हजेरीवर अंगठे घेतले ती, म्हणजे, कायद्याला हवी असलेली शिफारस होती. कायदा मोडला गेला नव्हता. पाळल्यासारखा दिसत होता. माझ्या चांगल्या अक्षरामुळे तर फारच.

याच कलमात शेवटाला एक वाक्य आहे, त्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. अनुसूचित क्षेत्रात जिल्हा पातळीच्या पंचायतीची रचना करताना राज्याच्या विधिमंडळाने सहाव्या अनुसूचीचा नमुना अनुसरण्याचा प्रयत्न करावा, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे खासी टेकड्यांना जी परिषद मिळाली तशी काही ठाण्यालाही मिळावी, हे संसदेच्या मनात होतं. महाराष्ट्रात तेरा जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे, आणि एकाही जिल्ह्यात तशी परिषद आलेली नाही. "प्रयत्न करावा" या शब्दांत किती पळवाट असते ते शाळेच्या शेरेबुकात मी पुष्कळ पाहिलं आहे.

उलट झालं ते असं. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्हा विभागला गेला आणि पालघर वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड हे सारे आदिवासी तालुके तिकडे गेले. विभाजनाची मागणी जुनीच होती आणि पालघरच्या माणसाला ठाण्याला खेपा घालायला लागू नयेत हे योग्यच होतं. पण शहापूर आणि मुरबाड मागे राहिले, ठाणे, कल्याण, नवी मुंबई, भिवंडी अशा महानगरांच्या जिल्ह्यात. शहापूरची विधानसभेची जागा राखीव आहे, शेजारची भिवंडी ग्रामीणही, मुरबाडची नाही. एकत्र असते तर जिल्ह्याच्या पटावर ज्यांचं वजन पडलं असतं ती माणसं दोन ताटांत वाढली गेली. तानसा, मोडक सागर, भातसा यांचं पाणी शहापूरच्या उशापायथ्याशी साठतं आणि मुंबईला जातं. एप्रिल आला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. हे आता इतक्यांदा लिहून झालंय की वाचकांना नवीन वाटणार नाही. वाटायला हवं.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. इंडोनेशियाने २००१ मध्ये पापुआ प्रांताला खास स्वायत्ततेचा कायदा दिला. त्यात मूळ पापुआवासीयांचं एक स्वतंत्र सभागृह आहे, 'मजलिस राक्यात पापुआ'. तिथे परंपरेचे प्रतिनिधी, स्त्रियांचे प्रतिनिधी आणि धर्मसंस्थांचे प्रतिनिधी असे तीन गट बसतात. बायकांना एक तृतीयांश जागा! आपल्या जातपंचायतींनी शिकण्यासारखी गोष्ट. पण २०२२ मध्ये पापुआचे तुकडे करून नवे प्रांत काढले गेले तेव्हा या सभागृहाचा विरोध बाजूला राहिला. नॉर्वेत सामी लोकांची संसद १९८९ मध्ये उघडली. तिचं काम चालतं, पण खाणी आणि कुरणं यांवरून सरकारशी तिचीही ओढाताण चालूच असते. विचारायला घर बांधून दिलं, तरी विचारायची सवय वेगळी लावावी लागते.

विचारलं तर काय होतं याची उदाहरणं आपल्या देशात आहेत. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरात बॉक्साइटची खाण व्हावी का, हे ग्रामसभांनीच ठरवावं असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये सांगितलं, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नको म्हटलं. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने तर कायद्याच्या आधीपासूनच सगळ्यांच्या सहमतीने कारभार चालवला, आणि २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. आणि मुरबाडातच काळू नदीवरच्या धरणाचं काम २०११ मध्ये वनखात्याच्या मंजुरीची वाट न पाहता सुरू झालं होतं. बुडीतात जाणाऱ्या गावांचा नकार होता. श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये काम थांबलं. विषय त्यानंतरही पुन्हा पुन्हा निघतो. पण गावांनी नाही म्हटलेलं कागदावर होतं, हे विसरता येत नाही.

कागदावर. माझं मन पुन्हा तिथेच येतं.

महाराष्ट्राने पेसाचे नियम केले ते मार्च २०१४ मध्ये, कायद्यानंतर सतरा वर्षांनी. उशिरा केले, पण त्यात एक चांगली तरतूद आहे. पाड्यातल्या मतदारांनी बहुमताने ठराव केला की आमचा पाडा वेगळं गाव म्हणून जाहीर करा, तर तो ठराव प्रांताधिकाऱ्यांकडे जातो, पडताळणी होते आणि पाडा गाव ठरतो. पंचायत तीच राहते; पण ग्रामसभा स्वतःची होते. त्याच वर्षी राज्यपालांच्या अधिसूचनेतून आणखी एक गोष्ट आली: आदिवासी उपयोजनेच्या पैशातला पाच टक्के हिस्सा थेट अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींना. ग्रामसभा वेगळी असली की त्या पैशाचं काय करायचं यात पाड्याचा स्वतःचा शब्द लागतो. नाहीतर तो गावठाणातल्या गटारात जातो. शब्दशः म्हणतोय, आमच्या गावात तेच झालं.

गेल्या वर्षी आषाढात मला फोन आला. कातकरी वाडीतला माझा जुना विद्यार्थी. बारावीपर्यंत शिकला, वनहक्काच्या दाव्यांची कामं करतो. म्हणाला, "गुरुजी, वाडी वेगळं गाव करायचा ठराव घ्यायचाय. लिवायला तुमी या."

मी म्हटलं, "तुझं अक्षर काय वाईट आहे?"

"नाय गुरुजी. म्हातारी म्हनते गुरुजींनाच बोलव."

कोण म्हातारी ते विचारायची गरज नव्हती.

पोरांनी सभेची तारीख मोठी विचार करून ठरवली होती. २६ जानेवारी नाही, १ मे नाही. त्या दिवसांत वाडी भट्टीवर असते. ग्रामसभेचे ठरलेले दिवस कुणी शहरातल्या माणसाने दिनदर्शिका बघून ठरवलेत, कातकऱ्याचं वर्ष बघून नाही. यांनी श्रावणातला दिवस धरला: आवणी उरकलेली, खेकडे-भाजीचे दिवस, माणूस न्‌ माणूस घरी. खदान बंद पडून आठनऊ वर्षं झालीत. टेकडीच्या जागी पाण्याने भरलेला खड्डा आहे, त्यात पोरं पोहतात, आणि एक पोरगं बुडून गेलंय.

समाजमंदिर गळत होतं म्हणून सभा विद्यार्थ्याच्या पडवीत भरली. दोन तास चालली. ग्रामसभा म्हणजे दहा मिनिटं आणि चहा, हे मी आयुष्यभर पाहिलेलं. इथे कुणी घाईत नव्हतं. दोघं विरोधात होते. एक म्हणाला, वेगळे झालो तर गावठाणवाले पाण्याची लाईन तोडतील. त्याला खोटं कुणीच म्हटलं नाही. त्याच्यावरच बराच वेळ बोलणं झालं. एक बाई म्हणाली, लाईनला पाणी येतंच कुठं? मग हशा पिकला आणि तो गडीही हसला, पण हात मात्र त्याने वर केला नाही. मी ते तसंच लिहून घेतलं.

मग मी ठराव लिहायला बसलो, आणि हात आपोआप चालू लागला. "सदर ग्रामसभेत सर्वानुमते ठरविण्यात आले की..." तीस वर्षांची सवय. पान पूर्ण करून मी वाचायला सुरुवात केली.

म्हातारी आता नीट ऐकू येत नाही म्हणून पुढे सरकून बसली होती. तिने हात वर केला. "सर्वानुमते म्हंजी?"

"म्हणजे सगळ्यांनी हो म्हटलं."

"सगल्यांनी कुठं? दोघं नाय बोलले ना."

मी ते खोडलं. खाडाखोड चालत नाही म्हणून पान नवं घेतलं. किती जण हजर, किती बाजूने, किती विरोधात, विरोधाचं कारण पाण्याची लाईन, असं लिहिलं. पुन्हा वाचलं. तिने पुन्हा थांबवलं: झऱ्याचं नाव राहिलं होतं. वाडीची हद्द सांगताना मी गट नंबर घातले होते; झरा, आंब्याचं झाड आणि वाघोबाची जागा राहून गेली होती. प्रांतांच्या कचेरीला गट नंबर हवेत हे मी समजावलं. ती म्हणाली, "त्येंना नंबर लिवा, आमाला झरा लिवा." दोन्ही लिहिलं.

तिसऱ्यांदा वाचून दाखवलं तेव्हा अंधार पडायला आला होता आणि कुणीतरी मोबाइलची बॅटरी पानावर धरली होती. हजेरी मी सगळ्यात शेवटी घेतली. ठराव वर, पूर्ण लिहिलेला, त्याच्याखाली रेघ, आणि रेघेखाली नावं. वर कोरी जागा एक बोटभरही ठेवली नाही. म्हातारीचं नाव आलं तेव्हा तिने अंगठा डबीत घातला, पानावर टेकवायच्या आधी नातवाला म्हणाली, "तू वाच रे एकदा." सातवीतलं पोर, अडखळत अडखळत त्याने सगळं वाचलं. माझं अक्षर त्याला नीट लागत होतं.

ठराव प्रांत कचेरीत दिला. पोच घेतली, शिक्का मारून घेतला, तिच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक वाडीत, एक विद्यार्थ्याकडे, एक माझ्याकडे. दिवाळीनंतर पडताळणीला कुणी येणार होतं, पण तोवर भट्टीवाल्याच्या जीपा येऊन गेल्या होत्या. यंदा उचल घेताना तिघांनी अट घातली, की चौकशीला माणूस आला तर दोन दिवस सोडायचं. भट्टीवाला हो म्हणाला. ते त्याने कागदावर दिलेलं नाही.